हैदरभाईंचं मेंटल

"ह्यात काय आहे रे?"

"बैल हाय, सर."

बजरंगने मोटारसायकल व्हरांड्याच्या पायरीशी लावली आणि मागे रबरी पट्ट्यांनी आवळलेलं ॲल्युमिनियमचं गलेलठ्ठ भांडं सोडवायला घेतलं. पुणतांबा आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या गाई भरवायचं काम त्याच्याकडे होतं. हे भांडं घेऊनच तो दिवसभर हिंडायचा. वळूचं बीज गोठलेलं राहावं म्हणून त्यात द्रव नायट्रोजन असतो, एवढं खर्डेकर सरांना माहीत होतं. पण ते भांडं ज्युनिअर कॉलेजात कशाला आलं, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि या कॉलेजात फिजिक्सच्या बाबतीत आपल्याला न विचारता काही घडावं, याची त्यांना सवय नव्हती.

"इथं कुणाची गाय आहे?"

"अफ्रीन मॅडमनी मागवलंय. बीजाच्या कांड्या घरी दुसऱ्या भांड्यात काढून ठिवल्यात, ह्यात निस्ता नायट्रोजन हाय. मॅडम म्हनल्या, लई गार कायतरी पायजे. मी म्हनलं, ह्याच्यापरीस गार आख्ख्या तालुक्यात काय न्हाई."

स्टाफरूममध्ये हशा पिकला. खर्डेकर सरही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. तेवढ्यात अफ्रीन लॅबमधून धावत आली, ओढणीचं टोक कमरेला खोचलेलं, हाताला काळा रंग लागलेला. "सर, आज बारावीला अल्फा कण दाखवणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही यायचंच."

"दाखवणार म्हणजे?"

"म्हणजे दिसतात, सर. डोळ्यांनी."

कल्याण खर्डेकर या कॉलेजात सत्तावीस वर्षं फिजिक्स शिकवत होते. आडनाव जामखेडकडच्या खर्ड्याचं, पण घर तीन पिढ्यांपासून पुणतांब्यातलं. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील विष्णुपंत कचेरीत कारकून होते, आणि हे मास्तर झाले. पंचक्रोशीतले निम्मे इंजिनिअर त्यांच्या हाताखालून गेलेले. बारावीच्या पुस्तकात शेवटाकडे अणुकेंद्रकाचा धडा येतो, तो सरांचा हातखंडा. फळ्यावर ते आधी द्राक्षाच्या घडासारखं जड केंद्रक काढत. एवढा मोठा संसार एका जागी सांभाळणं त्या केंद्रकाला जड जातं, म्हणून ते दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांची एक पुरचुंडी बाहेर फेकून देतं, तो अल्फा कण, असं सांगत. मग पिवळ्या खडूने बाण काढत. मागे उरतं त्याला म्हणायचं डॉटर न्यूक्लिअस. दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, "सर, सन न्यूक्लिअस का नसतं?" आणि सर दर वर्षी उत्तर द्यायचे, "मुलगा असता तर वाटणी मागितली असती!" वर्ग हसायचा. अल्फा कण म्हणजे त्यांच्या लेखी तो पिवळा बाण होता. तो खरोखर कुठे दिसेल, असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनी तो कधी शोधलाही नव्हता.

अफ्रीन त्यांचीच विद्यार्थिनी. एम.एस्सी. करून ती जूनमध्ये कॉलेजात लागली तेव्हा सरांनी स्वतः प्राचार्यांकडे शब्द टाकला होता. "आपली पोरगी आहे," ते म्हणाले होते. तेव्हा ती आपली होती, कारण तेव्हा ती मागच्या बाकावर बसून सरांचे तास ऐकायची आणि वहीत टिपून घ्यायची. दिवाळीपर्यंत मुलं शंका विचारायला तिच्याकडे जायला लागली. डॉटर न्यूक्लिअसचा विनोदही ती वर्गात सांगायची. "हा खर्डेकर सरांचा बरं का," असं आधी सांगून सांगायची. आणि तिच्या तोंडून ऐकताना मुलं जास्त हसायची. आपलाच विनोद भिंतीपलीकडून ऐकायचा आणि त्यावर आपल्यापेक्षा मोठा हशा ऐकायचा, हे ज्याच्यावर येईल त्यालाच कळेल.

त्या दिवशी सर लॅबच्या शेजारच्या खोलीत उजळणी घेत होते. निम्मी बाकं रिकामी. मुलं "मॅडमनी बोलावलंय" म्हणून निघून गेली होती. एकाएकी पलीकडून चाळीस पोरं एकदम ओरडली, "दिसलं! दिसलं!" मग "हे बघ, इकडं, इकडं!" आणि मग टाळ्या. सरांच्या हातातला खडू मोडला. समोरची उरलेली मुलं जायची परवानगी मागायची म्हणून चुळबुळत होती. "जा," सर म्हणाले. सगळी गेली. सर रिकाम्या वर्गात उभे राहिले, पण लॅबमध्ये गेले नाहीत.

थोड्या वेळाने अफ्रीन स्वतः बोलवायला आली. "सर, नायट्रोजन संपत आलाय, लवकर या ना."

"मला माहीत आहे ते सगळं," सर म्हणाले. "तुम्ही मुलांना दाखवा."

तोपर्यंत ते तिला अगं-तूगं करायचे. "तुम्ही" ऐकून ती जरा थबकली, मग "बरं सर" म्हणून गेली.

संध्याकाळी घरी त्यांच्या पत्नीने, लीनाताईंनी, चहाबरोबर तेच वाढलं. शेजारची निकिता बारावीत होती, तिने घरी येऊन सगळं रंगवून सांगितलं होतं. माशांच्या टाकीसारखी काचेची पेटी. तिच्या आत वरच्या कडेला स्पिरिटमध्ये भिजवलेली जाड कापडाची पट्टी. तळाला काळी रंगवलेली थाळी, आणि थाळीखाली बजरंगचा नायट्रोजन. स्पिरिटची वाफ खाली उतरते, गारठते, तिचं धुकं होतं. त्या धुक्यातून अल्फा कण धावला की मागे पांढरी रेघ उमटते आणि लगेच विरते.

"आणि ते कण येतात कशातून, तर गॅसबत्तीच्या मेंटलमधून!" लीनाताई म्हणाल्या. "तिच्या वडिलांच्या, हैदरभाईंच्या ट्रंकेत जुनी मेंटलं होती म्हणे, त्यात थोरियम की काय असतं. तुम्ही कधी कसं नाही दाखवलं हो?"

"सिलॅबसमध्ये नाही ते."

"तिच्याही नसेलच," लीनाताई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

सरांच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून. हेवा वाटतोय हे त्यांना चांगलं कळत होतं. त्याला दुसरं नाव देण्याइतके ते भाबडे नव्हते. फक्त आपल्याहून पंचवीस वर्षांनी लहान पोरीचा, आपणच शिकवलेल्या पोरीचा हेवा वाटावा याची लाज वाटायची, आणि लाज वाटली की राग पुन्हा तिचाच यायचा.

दोन दिवसांनी स्टेशन रोडने येताना हैदरभाईंनी त्यांना हाक मारली. पूर्वी पुणतांब्यातली एकही वरात हैदरभाईंच्या गॅसबत्त्यांशिवाय निघाली नव्हती. खुद्द सरांच्या वरातीतही त्यांच्याच बत्त्या होत्या. पुढे जनरेटर आले, मग ते झगमगते दिवे आले, आणि हैदरभाई स्टो आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायला बसले. दुकान म्हणजे एक टपरी, वर पत्रा.

"सर, बसा. च्या सांगतो."

"नको, घाई आहे."

"घ्या हो. पोरीनं लई डोकं खाल्लंय माझं. म्हनती, अब्बा, तुमच्या ट्रंकेतलं मेंटल अजून जित्तं हाय. मी म्हनलं, अगं पेटवलंच न्हाई तर जित्तं कसं? तर म्हनती, पेटवायला लागत न्हाई, आतनं आपलं आपनच निघत ऱ्हातं. कवापासनं, तर म्हनती पिरथमी जन्माच्या आदीपासनं!" हैदरभाई आपल्याशीच हसले. "आमाला काय कळतंय, सर. तुमी शिकवलं म्हनून तिला कळलं. रोज नाव काडती तुमचं."

सरांनी चहाचा घोट घेतला. तो त्यांना कडू लागला.

"येत्या शनवारी तुमच्याकडं पर्दर्शन हाय न्हवं? मी येनार हाय," हैदरभाई म्हणाले. "खरं सांगू का, सर? आख्खा जनम लोकांच्या लग्नात उजेड धरला, पन नवरानवरी कदी नीट बघितली न्हाई. लोक मदी, आन आमी बत्त्या संबाळत कडंला. पंप मारा, मेंटल संबाळा. आता ही म्हनती, अब्बा, तुमी कडंला उभं ऱ्हायचं न्हाई. सगळ्यात म्होरल्या खुर्चीत बसायचं आन तुमच्या मेंटलमदनं काय निघतंय त्ये बघायचं." मग एकदम आठवण झाल्यासारखं त्यांनी विचारलं, "अनीश काय म्हनतोय?"

"बरा आहे. पुण्यात असतो."

"येतो का मदनंमदनं?"

"कामं असतात त्याला."

त्यांचा मुलगा अनीश गणपतीला आला नव्हता, दिवाळीला एक रात्र येऊन गेला होता. फोनवर तो आईशी बोलायचा आणि शेवटी "बाबांना सांग" म्हणायचा. सर घरी चालत निघाले आणि वाटेत त्यांच्या ध्यानात आलं, की आपल्याला नुसता अफ्रीनचा हेवा वाटत नाही. त्याहून जास्त हैदरचा वाटतोय. त्या टपरीतल्या, सही सोडून काही लिहिता न येणाऱ्या माणसाचा. त्याची मुलगी शिकून गावात परत आली होती आणि बापाला पहिल्या खुर्चीत बसवणार होती. सरांना पहिल्या खुर्चीत बसवायला आज कोण होतं?

थोरियमचं प्रकरण एका शब्दात मिटवता आलं असतं, हेही त्यांना सुचलं होतं. संस्थेच्या एखाद्या विश्वस्ताच्या कानात "किरणोत्सर्गी" एवढा शब्द सोडला असता आणि त्याला अफ्रीनचं आडनाव जोडलं असतं, की बाकीचं काम गावाने केलं असतं. पण तेवढे खाली ते उतरले नाहीत. आपण तेवढे खाली उतरलो नाही, याचा त्यांना अभिमानही वाटला. त्या अभिमानाच्या भरातच त्यांना दुसरी युक्ती सुचली.

बोर्डाच्या मीटिंगला नगरला गेले असताना त्यांनी कापड बाजाराजवळच्या एका जुन्या दुकानात मेंटल मागितलं. दुकानदाराने दोन-तीन पाकिटं टाकली. सरांनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली आणि एक परदेशी बनावटीचं पाकीट निवडलं. त्यावर छापलंच होतं, की यात किरणोत्सर्गी काही नाही.

"सर, आता ह्याचा काय उपयोग?" दुकानदाराने विचारलं.

"प्रयोगाला," सर म्हणाले.

शनिवारी सकाळी सर सगळ्यांच्या आधी कॉलेजात पोचले. विभागप्रमुख म्हणून लॅबच्या कपाटाची एक किल्ली त्यांच्याकडे असायचीच. अफ्रीनने मेंटल एका प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलं होतं. जाळीच्या छोट्या मोज्यासारखं दिसणारं, जुनं, किंचित पिवळट, आणि तोंडाशी लाल दोरा बांधलेलं. मोठ्या लग्नात दोन-दोन बत्तीवाले असायचे, तेव्हा माल ओळखू यावा म्हणून हैदरभाई आपल्या मेंटलांना लाल दोरा बांधायचे. नगरहून आणलेल्याला पांढरा दोरा होता. अंधारात दोरा कोण बघतंय, असं सरांनी मनाशी म्हटलं. नवं मेंटल डबीत गेलं. जुनं त्यांनी कागदी पाकिटात घातलं आणि पाकीट शर्टाच्या खिशात ठेवलं. अल्फा कण साध्या कागदानेही अडतो. सत्तावीस वर्षं त्यांनी हे वाक्य पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. छातीला काही होणार नव्हतं.

दुपारी लॅबच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. शिपाई मच्छिंद्र खुर्च्या लावत होता. प्राचार्य आले, संस्थेचे दोन विश्वस्त आले, पालक आले, मुलं दाटीवाटीने भिंतीला चिकटून उभी राहिली. हैदरभाई आले तेव्हा ते दाराशीच थांबले. पांढराशुभ्र कुर्ता, इस्त्रीची घडी दिसणारा. अफ्रीनने त्यांना हाताला धरून आत आणलं आणि पेटीसमोरच्या अगदी पहिल्या खुर्चीत बसवलं. "मी हितं?" त्यांनी दोनदा विचारलं. मग खिशातून चष्मा काढून कुर्त्याच्या टोकाने बराच वेळ पुसला.

खर्डेकर सर दाराजवळ उभे राहिले.

बजरंगने भांडं कलतं करून नायट्रोजन ओतला, पांढऱ्या वाफा जमिनीवरून पसरल्या आणि मुलांनी पाय मागे घेतले. अफ्रीन बोलायला लागली. छान बोलत होती. जड केंद्रकाला आपला संसार सांभाळणं कसं कठीण जातं, हे तिने सरांच्याच शब्दांत सांगितलं. डबी उघडून तिने चिमट्याने मेंटल आत सोडलं, झाकण लावलं, बॅटरीचा झोत आडवा पाडला. तळाशी धुकं जमलं. सगळे वाकले.

काहीच झालं नाही.

"थोडं थांबू," अफ्रीन म्हणाली. थांबले. धुकं नुसतं खाली झिरपत होतं. तिने झोत फिरवून बघितला, स्पिरिटची पट्टी तपासली, काचेवर हात ठेवून बघितला. "मॅडम, त्या दिवशी लगेच आलं होतं ना?" निकिताने हळूच विचारलं. एका विश्वस्ताने घड्याळ पाहिलं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "आज बैल उठंना झालाय," आणि भिंतीकडची पोरं खिदळली. जानेवारीची थंडी होती, पण अफ्रीनच्या कपाळावर घाम आला होता.

सरांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. बऱ्याच दिवसांची ठुसठुसती जागा एकदम गार पडावी तसं. आता ती आपल्याकडे येईल, "सर, कुठं चुकलं?" म्हणून विचारेल, आणि आपण खांद्यावर हात ठेवून म्हणू, अगं, फळ्यावरच शिकवावं हे सगळं. त्यांनी मनात ते वाक्य एकदा म्हणूनही बघितलं.

तेवढ्यात हैदरभाई खुर्चीतून पुढे झुकले. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून ते काचेच्या इतके जवळ गेले, की श्वासाने काच धुरकट झाली. ती त्यांनी बाहीने पुसली. खूप वेळ बघितलं. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दिसलं."

सगळे पुन्हा पेटीवर वाकले.

"काय दिसलं, चाचा?" निकिताने विचारलं.

"बारीक रेघ. लख्ख. तुमाला न्हाई दिसली?" आणि मुलीकडे वळून, "लई भारी हाय, बेटा. लई भारी."

अफ्रीनने बापाकडे पाहिलं. आत काही नव्हतं हे तिला माहीत होतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने मान हलवली.

दाराजवळ उभ्या असलेल्या माणसाला हे सहन झालं नाही. अनीश आठवीत असताना त्याने प्रदर्शनात एक मोटर बनवून आणली होती, तारेच्या वेटोळ्याची. परीक्षक खर्डेकर सरच होते. मोटर फिरली नाही. पोरगं त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. "फिरत नाही," सर म्हणाले होते, आणि पुढच्या टेबलाकडे गेले होते. पोटच्या पोरालाही सूट दिली नाही, असं लोक त्यांच्याबद्दल पुढे कितीतरी वर्षं कौतुकाने सांगत. आणि हा स्टो दुरुस्त करणारा माणूस भर सभेत सरळ खोटं बोलला होता, आणि त्या खोट्यापुढे सरांची सगळी नोकरी फिकी पडली होती. ही पोरगी आता जन्मभर हे खोटं उराशी धरून ठेवणार. प्रयोग फसला याचं तिला काहीच वाटणार नाही. हैदरने हरवलं होतं त्यांना, खुर्चीतून न उठता. ते खोटं मोडून काढलंच पाहिजे, एवढंच सरांना कळलं. म्हाताऱ्याला खरं दिसलं, की त्या खोट्याची काही किंमत उरणार नाही.

"थांबा," ते म्हणाले आणि पुढे आले. "मेंटलमध्येच दोष आहे. माझ्याकडे एक जुनं आहे." त्यांनी खिशातून पाकीट काढलं. "कपाटात सापडलं होतं."

चिमटा त्यांनी अफ्रीनच्या हातातून घेतला. आतलं मेंटल बाहेर काढून टेबलावर टाकलं, पाकिटातलं आत ठेवलं, रिकामं पाकीट खिशात सारलं, झाकण बसवलं. "बजरंग, आहे का शिल्लक?"

"तळाला हाय थोडा."

"ओत सगळा."

धुकं पुन्हा जमायला वेळ लागला. मग काळ्या थाळीवर, मेंटलच्या कडेने, एक जाडसर पांढरी रेघ सुईसारखी निघाली आणि विरली. तिच्या शेजारी दुसरी. मग तीन एकदम, मग चहूबाजूंनी, मेंटल जणू आतून फुटत होतं. मुलं ओरडली. विश्वस्त खुर्चीवरून उठले. प्राचार्य "अरे वा, अरे वा" करत राहिले. सगळ्यांच्या पाठी सरांच्या समोर आल्या आणि पेटी त्यांना दिसेनाशी झाली.

हैदरभाई मात्र या वेळी काही बोलले नाहीत. त्यांनी कपाळ काचेला टेकवलं होतं आणि तोंड उघडं राहिलं होतं. कितीतरी वेळाने ते उठले, गर्दीतून वाट काढत सरांपाशी आले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"सर, मगाशी मी खोटं बोललो. कायबी दिसलं न्हवतं मला. पोरीची लाज ऱ्हावी म्हनून बोललो." त्यांनी सरांचा हात आणखी आवळला. "आता दिसलं. तुमच्यामुळं दिसलं."

"खर्डेकर सर म्हणजे खर्डेकर सर!" प्राचार्य म्हणाले. "अनुभव, अनुभव. सरांसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत." आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या दिवशी सरांनी ज्या टाळ्या भिंतीपलीकडून ऐकल्या होत्या, त्यांच्याहून मोठा. सरांना हात सोडवून घ्यायचा होता, पण हैदरभाईंची पकड घट्ट होती.

अफ्रीन टाळ्या वाजवत नव्हती. ती काचेतून आत बघत होती, मेंटलच्या तोंडाशी बांधलेल्या लाल दोऱ्याकडे. मग तिने टेबलावर टाकलेलं दुसरं मेंटल उचललं, त्याचा पांढरा दोरा बोटाने चाचपला, आणि सरांच्या खिशाकडे पाहिलं. पाकिटाचा कोपरा अजून बाहेर डोकावत होता. सरांनी तिच्याकडे बघितलं. आता ती काय म्हणेल, एवढंच त्यांच्यासाठी त्या खोलीत उरलं होतं.

"सांग की गं," हैदरभाई म्हणाले. "आभार मान सरांचे."

"हो अब्बा," अफ्रीन म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा होता. "सरांनीच केलं सगळं."

तिने पांढऱ्या दोऱ्याचं मेंटल मुठीत घेतलं आणि दुसऱ्या हाताने टेबलावरची बॅटरी उचलली.

"तुमी बसा, सर," हैदरभाईंनी आपली खुर्ची पुढे केली. "तुमी कैकदा बघितलं आसंल म्हना. तरी बघा."

"नको, नको."

"बसा हो. माझ्या खुर्चीत बसा."

सर बसले. नाही म्हणायला त्यांच्याजवळ काही उरलं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा अल्फा कणाची वाट बघितली. डोळ्यांत पाणी आल्यामुळे आधी नुसतंच पांढरं दिसलं. मग रेघा दिसायला लागल्या, आखूड, जाड, सरळ. निघत होत्या आणि जात होत्या. पलीकडच्या बाजूने अफ्रीन वाकून त्यांच्यासाठी उजेड धरून उभी होती. नायट्रोजन संपेपर्यंत तिने बॅटरी तशीच धरून ठेवली, आणि तिचा हात जरासुद्धा हलला नाही.